वर्कशॉपचं प्रॉडक्शन माणसांच्या बाजूने कसं वाढवायचं: लहान कंपन्यांसाठी

रात्रपाळीला पावणेतीनच्या सुमारास एका सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, बोअरिंगचा इन्सर्ट (भोक कापणारं छोटं टोक) तुटला. ऑपरेटर बावीस वर्षांचा पोरगा, आयटीआय केलेला, हात चांगला. त्याने कुणाला न सांगता नवीन इन्सर्ट बसवला, ऑफसेट (टूल किती आत जायचं ते माप) अंदाजाने दिला आणि मशीन परत चालू केली, आणि सकाळी फायनल इन्स्पेक्शनला प्लग गेज (भोकाचं माप तपासायचा दांडा) लावलं तर जी नोगो बाजू आत जायलाच नको ती आरामात आत जात होती, म्हणजे बोअर (भोक) मोठा झालेला, म्हणजे रिवर्क (दुरुस्ती) पण नाही, सरळ स्क्रॅप, भंगार. बिनमध्ये ७४ नग.

मालक तापले, सुपरवायझर तापला, पोराला गेटवर उभं केलं. मी तेव्हा त्या कंपनीत नवीन होते, एचआर म्हणून मला पगारपत्रक आणि पीएफ एवढंच काम दिलेलं. मी त्याला कॅन्टीनमध्ये बसवलं, चहा दिला आणि विचारलं की बाबा सुपरवायझरला हाक का नाही मारलीस. तो म्हणाला, "मॅडम, मागच्या महिन्यात इन्सर्ट तुटला तेव्हा मी लगेच सांगितलं होतं, माझे दोनशे कापले."

दोनशे रुपयांच्या दंडाने ७४ नग खाल्ले. त्या दिवसापासून मला कुणी विचारलं की कंपनीचं कल्चर म्हणजे काय, तर मी एकच सांगते, वाईट बातमी घेऊन येणाऱ्या माणसाचं तुमच्याकडे पुढे काय होतं ते बघा, तेच तुमचं कल्चर. भिंतीवर व्हिजन मिशनची फ्रेम लावली, वर्षातून एकदा टीशर्ट वाटले, त्याने प्रॉडक्शनला काही फरक पडत नाही. हे सगळं मी ४० ते १५० माणसांच्या कंपन्यांसाठी लिहितेय, भोसरी, चाकण, शिरोली, अंबड, वाळूज, कुठल्याही एमआयडीसीतल्या, जिथे एचआर म्हणजे एकटाच माणूस असतो किंवा मालकाच्या घरचंच कुणीतरी बघत असतं. मोठ्या कंपन्यांकडे डिपार्टमेंट आहेत, त्यांचं ते बघतील.

आधी वेळ कुठे जातोय ते बघा

मालक लोकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, पोरं काम करत नाहीत. मी म्हणते ठीक आहे, मान्य, पण आधी मोजू. समजा एका जॉबचा सायकल टाइम, म्हणजे एक नग बनायला लागणारा वेळ, ३ मिनिटं आहे, शिफ्ट ८ तासांची म्हणजे ४८० मिनिटं, त्यातून जेवणाची ३० आणि दोन चहाची मिळून २० काढली तर ४३० राहिली, म्हणजे साधारण १४३ नग यायला पाहिजेत. येतात ९५-१००. आता हे चाळीस नग कुठे गेले? एक आठवडा प्रत्येक मशीनवर एक साधी वही बांधून ठेवा, मशीन थांबली की ऑपरेटरने वेळ आणि कारण लिहायचं, एवढंच. मटेरियल नाही, सेटर (मशीन लावून देणारा) येईपर्यंत थांबलो, गेज दुसऱ्या मशीनवर, कूलंट संपलं, लाईट गेली, क्रेन मोकळी नाही. मी आजवर जिथे जिथे हे केलं तिथे "ऑपरेटर बसून होता" हे कारण यादीत फार खालीच निघालं. बहुतेक वेळा माणूस कशाची तरी वाट बघत असतो, आणि ती वाट संपवणं त्याच्या हातात नसतं.

एक अट मात्र पाळा. वहीत लिहिलेल्या कुठल्याच गोष्टीवरून कुणाला बोल लावायचा नाही, निदान त्या आठवड्यात तरी. एकदा बोल लावलात की दुसऱ्या दिवसापासून वहीत सगळीकडे "लाईट गेली" एवढंच दिसेल.

हे वाचून कुणाला वाटेल की वहीबिहीने काय होतंय. तर आपल्याच जवळचं उदाहरण आहे, तारापूर आणि उंबरगाव भागातल्या कापड कारखान्यांत २००८ नंतर स्टॅनफर्ड आणि जागतिक बँकेच्या संशोधकांनी एक मोठा प्रयोग केला होता. काही कारखान्यांना सल्लागार देऊन साध्या साध्या गोष्टी करायला लावल्या, मशीन का थांबली ते रोज लिहा, खराब माल का झाला ते लिहा आणि रोज त्यावर बसून बोला, स्टोअरमधलं सूत मोजून नीट लावून ठेवा, कुणाचं काम काय ते लिहून द्या, चांगल्या कामाला बक्षीस द्या. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. मशीन तीच आणि मालकही तेच. त्या मालकांना आधी वाटत होतं की आपलं बरं चाललंय, या गोष्टींची काही गरज नाही. हे मला फार ओळखीचं वाटतं.

पगार: रक्कम नंतर, आधी तारीख आणि हिशेब

पगार ७ तारखेच्या आत झालाच पाहिजे, कायदा आहेच, पण कायदा बाजूला ठेवा, ज्याची रूमच्या भाड्याची तारीख ५ आहे आणि गावाला पैसे पाठवायचेत त्याचा पगार ११ ला झाला तर ६ ते ११ तो माणूस मशीनवर असून नसल्यासारखाच असतो. फोनवर असतो, उचल मागत फिरतो, मित्राकडे उसने मागतो. त्या पाच दिवसांचं रिजेक्शन काढून बघा एकदा.

दुसरं, पगाराची स्लिप त्याला कळेल अशी द्या. किती दिवस भरले, ओटीचे म्हणजे जादा कामाचे तास किती आणि कुठल्या दराने, पीएफ किती कापला, ईएसआयसी (कामगार विमा) किती, उचल किती वळती केली. आमच्याकडे एका पोराचा सहा महिने गैरसमज होता की कंपनी त्याचे पीएफचे पैसे खातेय. मी त्याच्या मोबाईलवर उमंग ॲप टाकून पासबुक दाखवलं, त्याचे बारा टक्के आणि कंपनीचेही आलेले बघून तो एक मिनिट काही बोललाच नाही, मग बाहेर जाऊन अजून चौघांना घेऊन आला. तेव्हापासून जॉइनिंगच्या दिवशीच हे काम करून टाकते, दहा मिनिटं लागतात.

ओटीचा दर कायद्याने दुप्पट आहे आणि तो दुप्पटच द्या. सिंगल देऊन भागवणारे खूप आहेत, पण माणसाला ते कळतं आणि तो त्याची भरपाई आपल्या पद्धतीने करून घेतो. आणि ओटीबद्दल एक गोष्ट जी मालकांना लवकर दिसत नाही: जिथे बेसिक पगार कमी आणि घर ओटीवर चालतं, तिथे दिवसाची पाळी आपोआप हळू होते. कुणी ठरवून संप करत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं की काम पाचला संपलं तर ओटी लागणार नाही. मग तुम्ही दुप्पट पैसे देऊन तेच नग घेता जे दिवसा सिंगलमध्ये आले असते. यावर उपाय म्हणून एकदम ओटी बंद केली तर माणसं जातील, त्यांचं घराचं गणित मोडतं. आम्ही असं केलं की सहा महिन्यांत ओटी टप्प्याटप्प्याने कमी केली आणि वाचलेल्या पैशातला मोठा वाटा पगारात घातला, आणि हे पहिल्या दिवशीच सगळ्यांना आकडे मांडून सांगितलं. मालकांना पटवायला मला दोन महिने लागले ते वेगळंच.

रविवारची सुट्टी तर खाऊच नका. ती आपल्याला कुणी दान दिलेली नाही, नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना काढली, सभा घेतल्या, सह्या गोळा केल्या, तेव्हा कुठे १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. सलग तीन रविवार बोलावलेला माणूस चौथ्या सोमवारी दांडी मारतो आणि मग आपण म्हणतो याला शिस्त नाही.

पहिले पंधरा दिवस

नवीन पोरगा आला की बहुतेक ठिकाणी काय होतं, आधार कार्डची झेरॉक्स घेतली, शूज दिले, "जा त्या पांढऱ्या मशीनवर, दादा सांगेल" आणि झालं. दादाला स्वतःचं टार्गेट आहे, तो कशाला सांगेल. नवीन पोरगा चार दिवस चिप्स (कापलेल्या लोखंडाचा कीस) उचलतो, पाचव्या दिवशी मशीनवर उभा राहतो, पहिला जॉब बिघडवतो, सगळ्यांसमोर शिव्या खातो आणि पहिला पगार झाला की गायब.

त्याचा खर्च काढा. वरचंच गणित धरा, सगळं नीट चाललं तर जुना माणूस १४३ काढतो, नवीन १०० काढतो, रोज ४३ नगांचा खड्डा, तीन आठवडे म्हणजे १८ शिफ्ट धरल्या तर ७७४ नग, रिजेक्शन वेगळं. आणि तो सोडून गेला की परत पहिल्यापासून. मी हे गणित मालकांच्या केबिनमधल्या पांढऱ्या बोर्डावर लिहून ठेवलं होतं, कुणी पुसू नये म्हणून खाली सही घेतली होती.

म्हणून पहिल्या दिवशी नेमणूक पत्र द्या, २१ नोव्हेंबर २०२५ पासून ज्या चार श्रमसंहिता लागू झाल्या त्यात ते सगळ्यांना देणं बंधनकारकच आहे. पत्र मराठीत किंवा त्याला वाचता येईल अशा भाषेत असू द्या. संडास कुठे, पाणी कुठे, डबा कुठे ठेवायचा, चहा किती वाजता हे कुणीतरी बरोबर फिरून दाखवा, नवीन माणूस हे विचारायला लाजतो. त्याला शिकवणारा एक जुना माणूस नावाने नेमा आणि त्या जुन्या माणसाचं टार्गेट तीन आठवडे कमी धरा, शिवाय नवीन पोरगा तीन महिने टिकला तर शिकवणाऱ्याला हजार-दीड हजार रुपये द्या. त्याचं टार्गेट कमी न करता शिकवायला सांगितलं तर तो शिकवणार नाही, यात त्याचा दोष नाही.

कामाची पद्धत फोटोसकट मशीनवर लावा. आता शॉपमध्ये बिहार, यूपी, ओडिशाची पोरं असतात, मराठवाडा विदर्भाची असतात, मराठी-हिंदी दोन्हीत लिहा. जॉब चकमध्ये (मशीनच्या पकडीत) बरोबर बसलेला फोटो आणि चुकीचा बसलेला फोटो शेजारी शेजारी लावले की अर्धं बोलणं वाचतं.

सुपरवायझर हेच खरं एचआर

या भागावर मी सगळ्यात जास्त बोलणार कारण माझा अनुभव असा आहे की माणूस कंपनी सोडत नाही, तो सुपरवायझरला कंटाळून जातो. एक ऑपरेटर शेजारच्या प्लॉटवर आठशे रुपये जास्तीसाठी गेला असं सगळे म्हणत होते. मी त्याला नंतर टपरीवर गाठलं. तो म्हणाला आठशे रुपये तर बस बदलून जाण्यातच जातात. खरं कारण म्हणजे बहिणीच्या साखरपुड्याला दोन दिवस सुट्टी मागितली तर सुपरवायझर सगळ्या लाईनसमोर बोलला, "तुझ्यावाचून कंपनी बंद पडत नाही, जा कायमचा." तो गेला. त्याच्यासारखा सेटिंग करणारा दुसरा मिळायला आम्हाला चार महिने लागले.

पण सुपरवायझरला पण कुणी काही शिकवलेलं नसतं. आपण काय करतो, सगळ्यात चांगला ऑपरेटर उचलतो आणि त्याला सुपरवायझर करतो. एक चांगला ऑपरेटर गेला आणि एक गोंधळलेला सुपरवायझर आला. काल ज्यांच्याबरोबर डबा खात होता त्यांच्यावर आज ओरडायचं असतं, मालक वरून नग मागतात, खालची माणसं सुट्टी मागतात, आणि ओरडण्यापलीकडे त्याला दुसरं हत्यारच माहीत नसतं कारण त्याच्यावर पण आयुष्यभर कुणीतरी ओरडलेलंच असतं.

त्याला शिकवायचं ते थोडंच आहे, पण परत परत शिकवावं लागतं. चूक दाखवायची तर बाजूला घेऊन दाखव, कौतुक करायचं तर चारचौघांत कर. जातीवरून, गावावरून, भाषेवरून, अंगावरून ठेवलेलं टोपणनाव शॉपमध्ये चालणार नाही, हे नियम म्हणून सांगा आणि पहिल्यांदा मोडला की सगळ्यांना दिसेल असं थांबवा. सुट्टीला नाही म्हणायचं असेल तर कारण सांग आणि दुसरी तारीख दे. आणि मशीन थांबली असं कुणी येऊन सांगितलं तर तोंडातून पहिला शब्द "का रे" निघता कामा नये, "चल बघू" निघाला पाहिजे. या दोन शब्दांची आम्ही अक्षरशः प्रॅक्टिस घेतली, सुपरवायझर लोकांना समोरासमोर उभं करून. पहिल्या दिवशी सगळे हसले, नंतर एकाने कबूल केलं की मला "चल बघू" म्हणताना जड जातंय.

सुपरवायझरचं मोजमाप पण बदला. नुसते नग मोजले तर तो माणसं पिळून नग काढेल. त्याच्या हाताखालची किती माणसं वर्षभर टिकली, किती जण एकाची दोन मशीन चालवायला शिकले, रिजेक्शन किती, हे पण त्याच्या पगारवाढीत धरा.

आणि एक डोळा ठेवा. मुंबईच्या गिरण्यांमध्ये जॉबर असायचा, मुकादम, त्याच्या हातात माणूस कामावर घ्यायचं आणि काढायचं, आणि त्यासाठी तो कामगाराकडून दस्तुरी, म्हणजे पैसे, घ्यायचा. काम चांगलं करणारा टिकत नव्हता, दस्तुरी देणारा टिकत होता, मग कामात रस कुणाला राहणार. आज जॉबर गेला पण जिथे ठेकेदाराची माणसं असतात तिथे त्याच जातीची गोष्ट वेगळ्या नावाने चालू शकते, पगार बँकेत येतो आणि मग त्यातले काही रोखीने परत द्यावे लागतात. महिन्यातून एकदा ठेकेदाराचा माणूस समोर नसताना त्या पोरांशी बोला, हातात किती राहतात विचारा. एकाच मशीनवर, एकच काम करणाऱ्या दोघांना वेगळा चहा, वेगळा शूज, वेगळं कुलपाचं कपाट दिलंत तर ठेक्यावरचा माणूस जेवढ्यास तेवढंच करणार.

वाईट बातमी लवकर यायची तर

त्या इन्सर्टच्या भानगडीनंतर आम्ही दंड बंद केला. तसाही कामगाराचं म्हणणं न ऐकता मनाला येईल तशी कपात करणं कायद्यात बसत नाही. टूल क्रिबच्या (हत्यारं देण्याच्या खोलीच्या) खिडकीत एक लाल ट्रे ठेवला, तुटलेला इन्सर्ट ट्रेमध्ये टाका, नवीन घ्या, मशीन नंबर आणि वेळ लिहा, प्रश्न नाही. आणि टूल बदलल्यावर पहिला नग मोजून सेटरची सही घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही.

पहिल्या महिन्यात ट्रे भरून वाहिला. मालक म्हणाले बघ, दंड काढल्यावर लोक बेफिकीर झाले. मी म्हटलं साहेब, इन्सर्ट आधीपण एवढेच तुटत होते, ते आपल्याला दिसत नव्हते एवढंच, स्क्रॅपचा बिन बघा. बिन खरंच हलका झाला होता. आणि ट्रेमधल्या नोंदी बघितल्यावर कळलं की अर्ध्याहून जास्त इन्सर्ट दोनच मशीनवर तुटतायत, एकीचा टूल होल्डर झिजलेला, दुसरीवर कास्टिंगमध्येच (ओतीव मालातच) हार्ड स्पॉट, म्हणजे जास्त कडक जागा, येत होते. वर्षभर आपण त्या मशीनच्या ऑपरेटरांना शिव्या देत होतो.

हे काही नवीन नाही. कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्ट नावाच्या गावात जनरल मोटर्सचा कारखाना होता, तिथे गैरहजेरी वीस टक्क्यांपर्यंत जायची, भांडणं, तक्रारी, १९८२ मध्ये कंपनीने तो बंदच केला. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सने मिळून तोच कारखाना परत सुरू केला आणि कामावर घेतलेले बहुतेक लोक तेच जुने होते, युनियन पण तीच. फरक हा की आता साध्या कामगाराला दोरी ओढून लाईन थांबवायची मुभा होती आणि दोरी ओढली की टीम लीडर धावत मदतीला यायचा. गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली, गाड्यांचा दर्जा जपानच्या तोडीचा झाला. ज्या माणसांना आधी सगळे वाया गेलेले म्हणत होते त्यांनीच हे केलं, म्हणून हे उदाहरण मी प्रत्येक मालकाला सांगते.

आपल्याकडे दोरी नसली तरी चालेल. रोज पाळी सुरू होताना मशीनजवळ उभ्या उभ्या सात मिनिटांची मीटिंग घ्या, केबिनमध्ये नाही. बोर्डावर चारच रकाने: काल काय अडलं, कोण बघणार, कधीपर्यंत, झालं का. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, तो रिकामा राहायला लागला की पंधरा दिवसांत लोक बोलायचे बंद होतात. एखादी गोष्ट जमणार नसेल तर "जमणार नाही, कारण हे" असं लिहा, ते पण उत्तर आहे. सूचनापेटी मला आवडत नाही, तिला कुलूप असतं आणि किल्ली कुणाकडे आहे हे कुणालाच माहीत नसतं.

सुट्ट्या

जूनमध्ये पेरणी, ऑक्टोबरमध्ये सोयाबीन काढणी, चैत्रात गावोगावच्या जत्रा, कोकणातल्यांना गणपती, बिहारच्या पोरांना छठ, यूपीवाल्यांना होळी. हे दरवर्षी त्याच सुमारास येतं, तरी दरवर्षी आपण अचानक मशीन बंद पडल्यासारखा चेहरा करतो. जानेवारीतच वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर लावा आणि प्रत्येकाला आपल्या मोठ्या सुट्टीच्या तारखा त्यावर लिहायला सांगा, एका वेळी एका ग्रुपमधून दोघांपेक्षा जास्त नाही, जास्त झाले तर त्यांनी आपसात ठरवायचं. लोक आपसात ठरवतात, अगदी व्यवस्थित. बिहारचा पोरगा गणपतीत कोकणातल्याची मशीन सांभाळतो आणि छठला तो त्याची. आमच्याकडे न सांगता पडणारे खाडे याच एका गोष्टीने सगळ्यात जास्त कमी झाले. यासाठी दोघांना एकमेकांची मशीन यायला हवी म्हणजे आधी शिकवायला लागतं, आणि शिकलेल्या प्रत्येक मशीनमागे पगारात थोडी वाढ द्या.

इन्सेंटिव्ह जपून

नुसत्या नगांवर इन्सेंटिव्ह लावलात तर नगच मिळतील, चांगले नग मिळतीलच असं नाही. सीएनसीच्या दाराचा इंटरलॉक (दार उघडं असताना मशीन चालू न देणारा) बायपास होतो, पॉवर प्रेसवर दोन हातांनी दाबायची बटणं असतात त्यातलं एक काहीतरी लावून दाबून ठेवलं जातं, आणि मग कुणाचं तरी बोट जातं. हे मी बघितलंय आणि परत बघायचं नाहीये. इन्सेंटिव्ह लावायचाच तर पास झालेल्या नगांवर लावा, एकट्याला न देता पूर्ण ग्रुपला द्या म्हणजे सेटर, ऑपरेटर, हेल्पर, इन्स्पेक्टर एकमेकांना धरून चालतात, आणि गार्ड काढलेला दिसला की त्या दिवसाचा इन्सेंटिव्ह रद्द, कितीही नग आलेले असोत. नियम वर्षभर बदलू नका. पोरांनी जोर लावून जास्त नग काढले की लगेच टार्गेट वाढवणारे मालक असतात, पुढच्या वेळी ती पोरं जोर लावत नाहीत आणि ते बरोबरच करतात.

पत्र्याखालची गरमी, पाणी, संडास

छोटं वाटतं पण छोटं नाही. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी दोननंतर काय होतं ते स्वतः दोन तास उभं राहून बघा. बंगळूरच्या कपड्यांच्या कारखान्यांवर झालेल्या अभ्यासात दिसलंय की गरमी वाढली की शिलाई करणाऱ्यांचं काम कमी होतं आणि कमी उष्णता टाकणारे एलईडी दिवे लावल्यावर ही घट कमी झाली. छतावर फिरणारे टर्बो व्हेंटिलेटर, पत्र्याला पांढरा रंग, गार पाण्याचा कूलर मशीनपासून जवळ, दुपारी ताक. ताकाचा खर्च मी मालकांना एका स्क्रॅप झालेल्या कास्टिंगच्या भावात मोजून दाखवला होता.

बायका कामाला असतील तर त्यांचा संडास वेगळा, स्वच्छ, कडी असलेला पाहिजे. नसेल तर त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत, दुपारी डोकं दुखतं, चुका होतात आणि कारण कुणालाच कळत नाही कारण त्या सांगणार कुणाला. दहा किंवा जास्त माणसं असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती कायद्याने लागतेच, ती कागदावर न ठेवता तिच्यातल्या बाईचं नाव आणि नंबर त्यांच्या खोलीत लावा.

जाणाऱ्या माणसाशी कसं वागता

जाणाऱ्याला राहिलेले सगळे बघत असतात. नवीन वेतन संहितेप्रमाणे सोडणाऱ्याचा पगाराचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत द्यायचाय. तो द्या, अनुभवाचं पत्र द्या, पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी न मागता द्या. शेवटच्या दिवशी त्याच्याशी अर्धा तास बोला, पण त्या दिवशी तो खरं बोलेलच असं नाही, म्हणून दीड महिन्याने एक फोन करा. माझ्या वहीतल्या कामाच्या गोष्टी बहुतेक त्या फोनमधून आलेल्या आहेत. आणि त्यातले काही जण परत येतात, त्यांना "आलास का शेवटी" असं कुणी म्हणणार नाही याची आधीच काळजी घ्या.

सुरुवात कुठून करायची

सगळं एकदम करू नका. पहिल्या महिन्यात फक्त पगाराची तारीख, स्लिप आणि मशीनवरची वही. दुसऱ्या महिन्यात दंड बंद, लाल ट्रे, सात मिनिटांची मीटिंग. तिसऱ्यापासून सुपरवायझर लोकांचं शिक्षण, ते वर्षभर चालणार. इन्सेंटिव्ह सगळ्यात शेवटी, कारण आधीचं नीट नसताना पैसे टाकले तर ते पैसे चुकीच्या गोष्टीला जातात.

आणि हे सगळं तुमच्या एकट्याच्या डोक्यात ठेवू नका. तारापूरच्या त्या कारखान्यांत काही वर्षांनी संशोधक परत गेले तेव्हा सुरू केलेल्या पद्धतींपैकी जवळजवळ अर्ध्या बंद पडलेल्या होत्या, मॅनेजर बदलला किंवा मालकांचं लक्ष दुसरीकडे गेलं की मोडायचं. मी ती पहिली कंपनी सोडली तेव्हा एका जाड रजिस्टरमध्ये सगळं लिहून ठेवलं, कुठल्या दिवशी काय करायचं, कुणाला फोन करायचा, कुणाच्या घरी आई आजारी असते, कोण कुणाची मशीन चालवू शकतो, आणि ते रजिस्टर माझ्यानंतर आलेल्या मुलीला न देता सुपरवायझरच्या टेबलाच्या खणात ठेवलं. दोन वर्षांनी कामानिमित्त तिथे गेले होते तर रजिस्टर तिथेच होतं, पानं कूलंटच्या डागांनी पिवळी पडलेली, आणि शेवटची नोंद त्याच आठवड्यातली होती, माझ्या ओळखीचं नसलेल्या अक्षरात.